झिजणाऱ्या तबकड्यांची सीडी

२००३ साली लंडनच्या ‘टेम्पा’ या छोट्या कंपनीने ‘डबस्टेप ऑलस्टार्स’ची पहिली सीडी काढली. तिच्यात एक गाणं संपायच्या आत दुसरं त्याच्याखालून वर येतं, काही क्षण दोन्ही एकाच ठेक्यावर चालतात आणि मग पहिलं विरून जातं. हे मिश्रण डीजे हॅचाचं. डबस्टेप हे नाव तेव्हा नुकतंच कानावर पडू लागलं होतं.

हॅचा दक्षिण लंडनमधल्या क्रॉयडनचा. तिथे सरे स्ट्रीटच्या भाजीबाजारात ‘बिग अ‍ॅपल’ नावाचं रेकॉर्डचं दुकान होतं आणि तो तिथे काउंटरवर असायचा. बेंगा आणि स्क्रीम ही विशीच्या आतली पोरं घरच्या कॉम्प्युटरवर केलेली गाणी त्याला आणून ऐकवत. पुढे डिजिटल मिस्टिक्झ आणि लोफाह आले. या गाण्यांचा ठेका मिनिटाला १४० ठोक्यांच्या आसपास, पण टाळी इतकी विरळ पडते की चाल निम्म्या वेगाची वाटते. खाली खर्ज असा, की तो कानाआधी छातीला कळतो.

ही गाणी बाजारात मिळत नसत. हॅचा ती ‘डबप्लेट’वर कापून घ्यायचा. अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीवर लाखेसारखा मऊ थर, त्यात सुईने कोरलेली खाच आणि प्रत एकच. काही डझन वेळा वाजली की खाच झिजते, आवाज खरखरीत होतो. ही रीत जमैकाची. किंग्स्टनच्या गल्ल्यांत मोठे स्पीकर लावून गाणी वाजवणारे साउंड सिस्टिमवाले एकमेकांवर मात करायला दुसऱ्या कुणाकडे नसलेली तबकडी बाळगत. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या किंग टबीने गाण्यातला गळा काढून खर्ज आणि प्रतिध्वनी पुढे आणले. त्यालाच डब म्हणू लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनला आलेल्या कॅरिबियन कुटुंबांबरोबर साउंड सिस्टिमही तिथे रुजली. डबस्टेपमधला ‘डब’ जमैकाचा आहे.

पण ज्याची प्रत एकच, ते लोकांनी ऐकायचं कुठे? एक जागा ‘फॉरवर्ड’ ही क्लबमधली रात्र. दुसरी रिन्स एफएम. जीनियस आणि स्लिमझी यांनी १९९४मध्ये सुरू केलेलं हे स्टेशन विनापरवाना होतं. एफएमच्या लहरी बहुतेक सरळ रेषेत जातात, म्हणून अँटेना उंचावर हवा. पूर्व लंडनमधल्या सरकारी घरांच्या उंच इमारती त्यासाठी सोयीच्या. पोरं रात्री गच्चीवर चढून ट्रान्समीटर बसवत, सरकारी माणसं तो काढून नेत, की पुन्हा नवा. २००५मध्ये तर स्लिमझीला उंच इमारतींच्या गच्चीवर जायलाच बंदी झाली. इतकी जोखीम पत्करायची ती इतर स्टेशनं सहसा वाजवत नसत असं संगीत वाजवायला. मला यात नुसता हूडपणा दिसत नाही, गाण्यावरची निष्ठा दिसते.

या रेडिओवर सलग वाजवायची सवय होती. गाणं थांबवून निवेदन नाही. निवेदक गाणं चालू असतानाच त्यावर बोलतो, ऐकणारे घरी कॅसेट लावून सगळं टेप करतात. घरातल्या लहान रेडिओवर तो खोल खर्ज निम्मासुद्धा उमटत नसे, तरी लोक ऐकत, आणि तो अंगावर घ्यायला क्लबात जात. हॅचाची सीडी मला या कॅसेटचीच धाकटी बहीण वाटते. गाणी सुटी करून ओळीने मांडली असती तर रेडिओवरची ती सलग रात्र हरवली असती.

‘डबस्टेप ऑलस्टार्स’चा दुसरा भाग डीजे यंगस्टाने केला, तिसरा कोडनाइनने, स्पेसएपच्या आवाजासह. जानेवारी २००६मध्ये निवेदिका मेरी अ‍ॅन हॉब्जने बीबीसीवर ‘डबस्टेप वॉर्झ’ हा कार्यक्रम केला आणि हे संगीत लंडनबाहेर जगभर पोचलं. बिग अ‍ॅपल दुकान त्याआधीच, २००४मध्ये, बंद झालं होतं. रिन्सला परवाना मिळाला २०१०मध्ये, सोळा वर्षांनी.

ती पहिली सीडी ऐकाल तेव्हा चांगले हेडफोन लावा, पहिल्या गाण्यापासून सुरुवात करा आणि मध्ये थांबवू नका.