सेकंड हँड कारची वॉरंटी डीलर नाकारतोय? नागपूरकरांनी तक्रार कुठे आणि कशी करायची?

"भाऊ, इंजिन आणि गिअरबॉक्सची सहा महिने वॉरंटी आहे, टेन्शन नका घेऊ." वर्धा रोड असो की कामठी रोड, जुनी कार घेणाऱ्यानं हे वाक्य ऐकलेलं असतंच. दोन महिन्यांनी गिअर अडकायला लागतो आणि तोच डीलर सांगतो, "हे वॉरंटीत बसत नाही." गाडी दारात उभी, हप्ता मात्र सुरू. अशा वेळी करायचं काय?

सगळ्यात आधी एक प्रश्न सोडवावा लागतो.

वॉरंटी नेमकी कुणाची?

जुन्या कारवर तीन प्रकारची वॉरंटी असू शकते. पहिली, गाडी बनवणाऱ्या कंपनीची उरलेली मूळ वॉरंटी. दुसरी, आधीच्या मालकानं पैसे भरून वाढवून घेतलेली वॉरंटी. ती नव्या मालकाच्या नावावर करण्यासाठी बऱ्याचदा वेगळा अर्ज लागतो. तिसरी, डीलरनं स्वतः दिलेली. शब्द ज्यानं दिला, तक्रार त्याच्यावर.

हे किती महत्त्वाचं आहे ते गोव्यातल्या एका खटल्यातून कळतं. तिथल्या एका ग्राहकानं २०११ मध्ये डीलरकडे नव्या कारचे पैसे भरले. हातात आली २००९ चं मॉडेल असलेली आणि ६२२ किलोमीटर धावलेली गाडी. ग्राहक आयोगांनी डीलरसोबत टाटा मोटर्सलाही जबाबदार धरलं. पण फेब्रुवारी २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं कंपनीवरचा आदेश रद्द केला. डीलर हा कंपनीचा नोकर नसून स्वतंत्र व्यापारी आहे आणि त्याच्या करणीची कंपनीला माहिती होती हे सिद्ध झालेलं नाही, असं कोर्टाचं म्हणणं होतं. म्हणजे दहा वर्षांनंतरही वाद होता तो जबाबदार कोण याचाच.

वॉरंटीत काय मिळतं?

बहुतेक वॉरंटीत बिघडलेला पार्ट दुरुस्त करून किंवा बदलून मिळतो, अख्खी गाडी नाही. मारुती उद्योगच्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टानं २००६ मध्ये हेच सांगितलं होतं. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, टायर, बॅटरी या वापरानं झिजणाऱ्या वस्तू सहसा वगळलेल्या असतात. नागपूरच्या मे महिन्यात सगळ्यात जास्त लागणारा एसीसुद्धा प्रत्येक वॉरंटीत असेलच असं नाही. म्हणून डीलरशी भांडायला जाण्याआधी वॉरंटीचा कागद पूर्ण वाचा.

"गाडी जशी आहे तशी घेतली" यावर सही केली असेल, तर बाजू थोडी कमकुवत होते. पण संपत नाही. गाडीचा अपघात झाला होता किंवा किलोमीटरचा आकडा मागे फिरवला होता, हे डीलरनं जाणूनबुजून लपवलं असेल तर प्रकरण वॉरंटीच्या पुढे जातं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणं ही सेवेतली त्रुटी आहे.

बिघाड झाल्यावर लगेच काय करायचं?

१. गाडी ओळखीच्या मेकॅनिककडे खोलू नका. बाहेर दुरुस्ती केली म्हणून वॉरंटी नाकारली जाऊ शकते.

२. गाडी डीलरकडे किंवा त्यानं सांगितलेल्या सर्व्हिस सेंटरला न्या आणि जॉब कार्ड घ्या. त्यावर तारीख, किलोमीटर आणि तुमची तक्रार तुमच्याच शब्दांत लिहून घ्या.

३. नकार तोंडी दिला तर त्याच दिवशी ईमेल किंवा व्हॉट्सॲप करा: "आज तुम्ही अमुक कारण देऊन दुरुस्ती नाकारली."

४. अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून बिघाडाचं कारण लेखी घ्या. झीज की मूळचा दोष, हा वाद याच कागदावर ठरतो.

५. बिल, वॉरंटीचा कागद, गाडीची जाहिरात आणि चॅट जपून ठेवा. "ॲक्सिडेंट फ्री" असं जाहिरातीत लिहिलं असेल तर तो पुरावाच आहे.

६. रागाच्या भरात हप्ता थांबवू नका. कर्ज बँकेचं आहे, भांडण डीलरशी आहे. हप्ता थकला तर सिबिल स्कोअर तुमचाच पडतो.

तक्रारीच्या पायऱ्या

आधी डीलरला लेखी नोटीस द्या. १५ दिवसांची मुदत, नेमकी मागणी आणि कागदांच्या प्रती जोडा. स्पीड पोस्टची पावती जपा.

उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५. इथे मराठीतही बोलता येतं. हेल्पलाइन डीलरला आदेश देऊ शकत नाही, पण तुमची तक्रार त्याच्यापर्यंत पोहोचवून तडजोडीचा प्रयत्न करते.

तरीही काम झालं नाही, तर सिव्हिल लाइन्समधला जिल्हा ग्राहक आयोग. गाडीसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार इथेच होते. किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, ५ ते १० लाखांसाठी २०० रुपये आणि १० ते २० लाखांसाठी ४०० रुपये. वकील सक्तीचा नाही. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन तक्रारही करता येते. वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार व्हायला हवी.

गाडी ऑनलाइन कंपनीकडून घेतली आणि तिचं ऑफिस दुसऱ्या राज्यात आहे? हरकत नाही. तुम्ही जिथे राहता किंवा काम करता, तिथल्या आयोगात तक्रार करण्याचा हक्क कायद्यानं दिला आहे.

नोटीस मिळाल्यावर डीलरला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात आणि जास्तीत जास्त १५ दिवस वाढवून मिळतात. त्यापुढे मुदत वाढत नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. निकाल शक्यतो तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त वेळ लागू शकतो. त्यामुळे मध्यस्थीत रास्त तडजोड मिळत असेल तर तिचा विचार जरूर करावा.

हा मार्ग कुणासाठी नाही?

शेजाऱ्याकडून किंवा ओळखीतून थेट मालकाकडून गाडी घेतली असेल, तर विकणारा व्यापारी नसतो. तिथे ग्राहक आयोगाचा मार्ग सहसा चालत नाही. गाडी पुन्हा विकण्यासाठी घेणाराही ग्राहक ठरत नाही. मात्र पोटापाण्यासाठी स्वतः टॅक्सी चालवणारा ग्राहक ठरू शकतो.

गाडी अजून घ्यायची असेल तर

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी आरटीओचं अधिकारपत्र घेण्याचा नियम लागू झाला आहे. ते पाच वर्षांसाठी असतं. गाडी एमएच ३१ असो, ४९ असो की ४०, टोकन देण्याआधी हे अधिकारपत्र दाखवायला सांगा. आणि "वॉरंटी आहे" असं कानावर पडलं की लगेच विचारा: कुणाची, कोणत्या पार्टची, किती महिने आणि किती किलोमीटर? चारही उत्तरं डीलरच्या सही-शिक्क्यासह बिलावर लिहून घ्या.