गृहआरोग्य सहायिकेची पात्रता : अमेरिकेतील पंचाहत्तर तासांचा इतिहास

प्रस्तावना :
वृद्ध वा आजारी व्यक्तीच्या घरी जाऊन तिला आंघोळ घालणे, कूस बदलणे, नाडी व तापमान पाहून नोंद ठेवणे ही कामे करणाऱ्यास अमेरिकेत ‘होम हेल्थ एड’ म्हणतात. आपल्या शहरांत ब्यूरोमार्फत येणाऱ्या मावशींचे काम बरेचसे याच स्वरूपाचे असते. अमेरिकेत या कामात स्त्रिया बहुसंख्य असून त्यांत कृष्णवर्णीय व स्थलांतरित स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे. या कामास कोणती पात्रता लागते, हा प्रश्न वरकरणी प्रशासकीय वाटतो. तथापि, कायद्याने ठरविलेल्या या पात्रतेस कायद्यानेच किती मोल दिले, हे पाहणे श्रमाच्या इतिहासाच्या दृष्टीने उद्बोधक ठरते.

पात्रतेची घडण :
महामंदीच्या काळात, इ.स. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या ‘वर्क्स प्रोग्रेस ॲडमिनिस्ट्रेशन’ने बेरोजगार स्त्रियांना अडचणीतील कुटुंबांकडे घरकामाच्या मदतनीस म्हणून पाठविले. तेथे प्रवेशाची मुख्य अट स्त्रीची स्वतःची गरज हीच होती; कौशल्याचा विचार नंतरचा. इ.स. १९६५ च्या मेडिकेअर कायद्याने घरपोच आरोग्यसेवेत सहायिकेच्या कामाचा समावेश केला आणि हे काम परिचारिकेच्या देखरेखीखाली आले. पुढे इ.स. १९८७ च्या अर्थसंकल्पीय कायद्याने प्रशिक्षण व क्षमता-चाचणी यांची सक्ती केली.

त्यानुसार मेडिकेअरमान्य संस्थेच्या सहायिकेस किमान ७५ तासांचे प्रशिक्षण विहित झाले. त्यांपैकी किमान १६ तास देखरेखीखालील प्रात्यक्षिकाचे असावेत व त्यापूर्वी किमान १६ तासांचे वर्गाध्यापन व्हावे, असा नियम आहे. संवाद, निरीक्षण व नोंदी, संसर्गप्रतिबंध, आहार, रुग्णास सुरक्षितपणे उचलून बसविणे हे अभ्यासाचे विषय होत. दरवर्षी १२ तासांचे सेवांतर्गत प्रशिक्षण आवश्यक असून सलग २४ महिने सवेतन काम न केल्यास पात्रता पुन्हा सिद्ध करावी लागते. केवळ क्षमता-चाचणी उत्तीर्ण होण्याचा पर्यायही नियमात आहे. शालेय शिक्षणाची अट मात्र केंद्रीय नियमांत नाही. राज्ये आपापल्या अटी वाढवू शकतात. कॅलिफोर्नियात १२० तास लागतात.

प्रशिक्षित, तरीही ‘सोबती’ :
येथे दुसऱ्या एका कायद्याकडे वळणे आवश्यक आहे. इ.स. १९३८ च्या न्याय्य श्रममान कायद्याचे किमान वेतन व जादा कामाचा मोबदला यांचे संरक्षण इ.स. १९७४ मध्ये घरकामगारांना मिळाले. परंतु वृद्ध व अपंगांना ‘सोबत’ करणाऱ्यांना त्यातून वगळण्यात आले. इ.स. १९७५ च्या नियमांनी ही वगळणूक संस्थांनी नेमलेल्या कामगारांनाही लागू केली. त्याच नियमांत परिचारिकांसारख्या प्रशिक्षित व्यक्तींची सेवा ‘सोबत’ मानली जाणार नाही, असेही म्हटले होते.

मग ७५ तास शिकलेली सहायिका प्रशिक्षित की अप्रशिक्षित? इ.स. १९९५ मध्ये सातव्या विभागीय अपील न्यायालयाने, तिचे प्रशिक्षण परिचारिकेच्या तोडीचे नाही, म्हणून ती ‘सोबती’च होय, असा निर्णय दिला. प्रस्तुत लेखकास या इतिहासातील हाच टप्पा सर्वांत बोलका वाटतो. रुग्णाच्या अंगास हात लावण्यापूर्वी जे शिक्षण अनिवार्य, तेच मजुरी ठरविताना नगण्य! ‘सोबत’ या शब्दात जिव्हाळा आहे खरा, पण त्याच जिव्हाळ्याच्या नावाखाली जादा तासांचा मोबदला नाकारला गेला.

जमैकातून आलेल्या एव्हलिन कोक यांनी या वगळणुकीस आव्हान दिले. इ.स. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने श्रमखात्याचा नियम वैध ठरविला. इ.स. २००९ मध्ये श्रीमती कोक निवर्तल्या. संस्थांना या सवलतीचा लाभ घेता येणार नाही, असा नवा नियम श्रमखात्याने इ.स. २०१३ मध्ये केला व इ.स. २०१५ मध्ये अपील न्यायालयाने तो उचलून धरला. जुलै २०२५ मध्ये त्याच खात्याने तो मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला.

दरम्यान, किमान प्रशिक्षण १२० तासांचे असावे, अशी शिफारस ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’ने इ.स. २००८ मध्येच केली होती. केंद्रीय नियमांतील आकडा मात्र ७५ हाच राहिला आहे.