मागची माणसं

रेडिओवर कुठं पूर आल्याची, कुठं धरणीकंप झाल्याची बातमी लागली की आजीचा एक प्रश्न ठरलेला असायचा. "आन् मदतीला गेल्याली पोरं? त्यान्ला जेवाया कोन घालतंय?" माणसं किती गेली, घरं किती पडली, हे ती नंतर विचारायची. लहानपणी आम्हाला तिचा राग यायचा. तिकडं लोक ढिगाऱ्याखाली आणि हिला स्वयंसेवकांच्या जेवणाची काळजी!

ही काळजी तिला सासूकडून आली होती. माझी पणजी मुळशी सत्याग्रहाच्या वेळची. टाटांच्या धरणासाठी मुळा-निळेच्या खोऱ्यातली गावं उठवायचं ठरलं आणि १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या मुहूर्तावर, मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे ही नावं पुस्तकांत आहेत. पणजीच्या गोष्टीत नावं कमी आणि भाकऱ्या जास्त. पुण्याहून पोरं यायची, उन्हानं रापलेली, पायाला फोड आलेली. ती त्यांना नाचणीची भाकरी आणि खुरासणीची चटणी वाढायची. म्हणायची, "तुरुंगात जायाचंच हाय, तर भरल्या पोटी जा." खुद्द सेनापती आमच्या ओट्यावर जेवून गेले, असंही घरात सांगतात. पण खोऱ्यातल्या बहुतेक घरांचं तेच म्हणणं आहे. त्या हिशोबानं सेनापतींना सत्याग्रह करायला वेळ कधी मिळाला, हा प्रश्नच आहे.

धरण व्हायचं ते झालंच. गावं पाण्याखाली गेली, भिऱ्याला वीज झाली, मुंबई उजळली. आमच्याकडं पुढं कितीतरी वर्षं चिमणीच होती.

कोयनेचा भूकंप आजीनं स्वतः अनुभवलेला. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. भात झोडून झालेला, थंडी मरणाची. आधी गोठ्यातली जनावरं दावी ओढायला लागली, मग मांडणीवरची भांडी खाली आली. आमचं घर कारवीच्या कुडाचं, शेणानं लिंपलेलं. ते नुसतं करकरलं. पण सगळ्यांच्या मनात एकच आलं, धरण! पानशेत फुटून साडेसहा वर्षंच झाली होती. अख्खं गाव अंधारात टेकडीवर चढलं आणि उजाडेपर्यंत तळ्याकडं डोळे लावून बसलं. आजोबांनी घरातलं काय उचललं, तर कोंबड्यांचं डालगं. आत्या म्हणते डालगं आजीनं उचललं होतं, आजोबांनी फक्त चंची घेतली. हा वाद आजी गेली तरी मिटलेला नाही. दिवस वर आल्यावर कळलं की कोयनानगर उद्ध्वस्त झालं. पुढं आकडा आला, सुमारे १८० माणसं गेली. आमच्याकडून तेव्हा कुणी मदतीला गेलं की नाही, यावर घरात दोन मतं आहेत.

किल्लारीला मात्र माझे चुलते, तात्या, गेले होते. २९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी झाली. गणपती पोचवून दमलेली माणसं झोपेत असताना, ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, लातूर-उस्मानाबादच्या सीमेवरची जमीन हलली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, होळी. गावंच्या गावं आडवी झाली. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. काही नोंदी दहा हजारांच्या जवळ जातात. तात्यांच्या मंडळाकडं वर्गणीतले थोडे पैसे उरले होते. त्यात ट्रक ठरला. घरोघरच्या कणग्यांतून आंबेमोहोर निघाला. आजीनं फडक्यात भाकऱ्या बांधल्या, खांद्यावर घोंगडी दिली आणि नको नको म्हणताना इरलंही ट्रकात टाकलं. तिकडं पाऊस लागला तेव्हा त्या इरल्याची किंमत कळली. किल्लारीच्या चिखलात मुळशीचं इरलं घालून हिंडणारा माणूस लांबूनही ओळखू यायचा. पोरांची चुकामूक झाली की "इरलंवाल्याकडं या" एवढं सांगितलं की भागायचं.

तात्या त्या दिवसांबद्दल फार बोलत नसत. जे बोलत ते भिंतींबद्दल. दोन-अडीच फुटांच्या दगडी भिंती, जोडायला नुसती माती, वर माळवद. दर पावसाळ्याआधी माळवदावर नवी माती पडायची, थरावर थर चढायचे. उन्हाळ्यात त्याच्याखाली थंडगार वाटायचं, आणि त्या पहाटे तेच सगळं अंगावर आलं. "आपलं घर पडलं असतं तर कारवी झटकून उठलो असतो," ते म्हणायचे. पहार घालायची भीती वाटायची, खाली कोण असेल ते काय सांगावं! म्हणून दगड हातानंच उचलायचे. हात सोलवटून गेले होते.

त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मला जशीच्या तशी आठवते. यांनी मोठ्या हौशीनं आंबेमोहोर शिजवला. घमघमाट सुटला. एका बाईनं द्रोण हातात घेतला आणि हळूच म्हणाली, "भाऊ, भात आम्ही आजाऱ्याला घालतो." तात्या ओशाळले. पुढं कुठून तरी ज्वारीचं पीठ आलं. त्याच बाईनं तीन दगड मांडले आणि पावसानं ओल्या झालेल्या सरपणावर भाकऱ्या थापायला बसली. तिच्या घरातली दोन माणसं गेली होती. पहिली भाकरी तिनं तात्यांच्या हातावर ठेवली. हे घेईनात, तर म्हणाली, "तुम्ही पडलात तर आम्हाला उचलणार कोण?" तात्यांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आजी नुसतं "बगा" म्हणाली. आमच्या पोरकट रागाला मिळालेलं ते उत्तर होतं.

आता मागचं सांगते, कारण ते कुणी लिहिलेलं नाही. तात्या गेले तेव्हा भात पोटरीतून बाहेर आलेला, दाण्यात दूध भरायचे दिवस. या दिवसांत रात्रभर राखण केली नाही तर रानडुकरं एका रात्रीत वावर लोळवतात. चुलतीच्या मांडीवर तान्हं पोर. शेजारच्या घरांनी आपसांत पाळ्या लावल्या. आज याचा मुलगा तात्यांच्या माळ्यावर, उद्या त्याचा. डबा वाजवायचा, शेकोटी धरायची, हाळ्या द्यायच्या. म्हशीची धार एकीनं घेतली, सरपण दुसरीनं टाकलं. किल्लारीला न गेलेल्या या माणसांशिवाय तात्या तिथं दोन दिवससुद्धा थांबू शकले नसते.

आणि खरी मदत लागली ती ते परत आल्यावर. दसऱ्याच्या सुमारास आले, पण घरात झोपेनात. अंगणात पडायचे, आढ्याकडं बघायचे नाहीत. ताट पुढ्यात आलं की भाकरी चिवडत बसायचे. डॉक्टर, समुपदेशन हे शब्द आमच्या खोऱ्यात तेव्हा पोचले नव्हते. आजीनं आपली वाकळ उचलली आणि तीही अंगणात झोपायला लागली, एवढंच. काही विचारलं नाही. शेजारचे एक म्हातारबाबा रोज संध्याकाळी चंची सोडून बसायचे आणि डुकरांच्या, पिकाच्या, कुणाच्या बैलाच्या गोष्टी सांगत राहायचे. किल्लारीचं नावसुद्धा काढायचे नाहीत. भात कापणीला आला, तात्यांनी विळा हातात घेतला, आणि मळणीनंतर कधीतरी ते आपणहून आत झोपले.

त्यानंतर किल्लारीची बातमी आली की तात्या कान टवकारत. शांतीलाल मुथ्थांच्या भारतीय जैन संघटनेनं तिकडची बाराशे मुलं शिकायला पुण्याला आणली, ज्ञान प्रबोधिनीनं हराळीला ठाण मांडून काम उभं केलं, हे ते पोरापोरांना सांगत. त्यांना सगळ्यात आवडायची ती बायकांची हकिगत. घरं सावरायच्या सरकारी कामात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून पुढं आणलं होतं. भिंतीत आडवा लांब दगड कुठं घालायचा, पत्र्याखाली काय बांधायचं, हे त्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना समजावत. २६ जानेवारी २००१ ला गुजरात हादरलं तेव्हा त्यांतल्याच काही जणी तिकडं मदतीला गेल्या. स्वतःचं घर अंगावर पडलेलं पाहिलेल्या बाईनं कच्छातल्या बाईशेजारी जाऊन बसायचं, यापेक्षा मोठा दिलासा कुठला? "भाकरी थापणारी ती बाई त्यांच्यात असंल बघ," तात्या म्हणायचे. असेलही.

२०१९ च्या ऑगस्टात सांगली-कोल्हापूर बुडालं तेव्हा आमच्या गावातली पोरं निघाली. देवळात बैठक झाली. बिस्किटं किती, पाणी किती, ही यादी नंतर झाली. आधी म्हाताऱ्यांनी विचारलं, कोणाच्या घरची धार कोण काढणार, कोणाच्या आईला दवाखान्यात कोण नेणार, आणि पोरं परतल्यावर त्यांच्यापाशी कोण बसणार. अर्ध्या तासात सगळं ठरलं. एकाचं मात्र अडलं. त्याची म्हैस परक्या हाताला पान्हा सोडत नाही. बिचारा हिरमुसला. तेव्हा तात्या त्याला म्हणाले, "आरं, हितं बी लै काम हाय," आणि जाणाऱ्या आठ घरांच्या दुधाची वाटणी त्याच्या गळ्यात घातली.