मेयर, काझी आणि महापौर

‘काउंटी मेयर’ हे पद मराठीत कसं सांगायचं? पहिला शब्द सुचतो तो अर्थातच ‘महापौर’. सावरकरांनी भाषाशुद्धीच्या चळवळीत दिलेला हा शब्द इतका रुळला की तो घडवलेला आहे हेही आज कुणाला जाणवत नाही. पुरात राहणारा तो पौर, आणि पौरांमधला थोर तो महापौर. पण फ्लोरिडातल्या मायामी-डेड काउंटीला हा शब्द लावून पाहा. सुमारे २७ लाख वस्तीची ही काउंटी म्हणजे एक पुर नव्हे. तिच्या पोटात ३४ नगरपालिका आहेत. मायामी शहराचा मेयर वेगळा आणि सगळ्या काउंटीचा मेयर वेगळा. दोघांनाही महापौर म्हटलं तर वाचकाचा गोंधळ ठरलेला.

मग ‘जिल्हा’ हाताशी घ्यावा, तर त्याचीही कुंडली वेगळी. अरबीत बरगडी किंवा बाजू असा अर्थ असलेल्या शब्दापासून ‘जिल्हा’ आला. म्हणजे मुलखाची एक बाजू. ‘काउंटी’च्या मुळाशी मात्र माणूस आहे. लॅटिन ‘कोमेस’ म्हणजे सोबती, पुढे सम्राटाच्या सोबत असणारा मानकरी. त्यावरून ‘काउंट’ हा सरदार आणि त्याचा मुलूख ती काउंटी. नॉर्मन लोकांनी हा शब्द इंग्लंडात नेला, पण तिथल्या सरदाराला लोक ‘अर्ल’च म्हणत राहिले. अमेरिकेने तर राज्यघटनेतच सरदारक्या बंद केल्या. सरदार गेला, त्याच्या मुलखाचं नाव तेवढं उरलं.

‘मेयर’ची गोष्ट याहून रंगतदार. लॅटिन ‘मायोर’ म्हणजे अधिक मोठा. तो फ्रेंचमधून झिजून इंग्रजीत आला तेव्हा ‘मेयर’ झाला, आणि लष्करात शिरला तेव्हा ‘मेजर’ झाला. मायामी-डेडमधला ‘डेड’ हा मेजर फ्रान्सिस डेड. १८३५ मध्ये मूलनिवासी सेमिनोल लोकांशी झालेल्या लढाईत तो मारला गेला आणि १८३६ मध्ये नव्या काउंटीला त्याचं नाव मिळालं. ‘मायामी’ त्याला जोडलं गेलं ते १९९७ मध्ये, मतदारांच्या कौलाने. म्हणजे एका मेजरच्या नावाची काउंटी मेयर चालवतो. दोन्ही पदव्या एकाच आईची लेकरं.

या काउंटीत मतपत्रिका तीन भाषांत असते: इंग्रजी, स्पॅनिश आणि हैतीयन क्रिओल. स्पॅनिशमध्ये मेयरला ‘अल्काल्दे’ म्हणतात, बाई असेल तर ‘अल्काल्देसा’. हा शब्द अरबी ‘अल्-काझी’चा. होय, मराठीतला काझी तोच. मुसलमानी अमलात स्पेनमध्ये निवाडा करणारा काझी हळूहळू गावाचा कारभारी झाला. क्रिओलमधला शब्द ‘माजिस्त्रा’, म्हणजे आपल्या ओळखीचा मॅजिस्ट्रेट. त्याच्या मुळाशी लॅटिन ‘मागिस्तेर’, ज्यातून ‘मास्टर’ आणि आपले शाळेतले ‘मास्तर’ आले. पुन्हा अर्थ तोच, मोठा माणूस. इंग्रजी मतदार मोठ्याला मत देतो, स्पॅनिश मतदार काझीला आणि हैतीयन मतदार मॅजिस्ट्रेटला. निवडून येतं माणूस एकच.

टेनेसी राज्यात तर न्यायाधीशापासून कारभाऱ्यापर्यंतची ही वाट अगदी अलीकडे तुडवली गेली. तिथे अनेक काउंट्यांच्या प्रमुखाला ‘काउंटी जज’ म्हणत. १९७८ च्या घटनादुरुस्तीनंतर तो ‘काउंटी एक्झिक्युटिव्ह’ झाला आणि २००३ मध्ये कायद्याने ‘काउंटी मेयर’. स्पेनमध्ये काझीने नाव तेच ठेवून काम बदललं होतं. टेनेसीने कामाबरोबर पाटीही बदलली.

पदामागचा अधिकार पाहिला तर ‘महापौर’ आणखी दूर जातो. आपल्या महानगरपालिकेत महापौर मानाचा आणि कारभार आयुक्तांचा. मायामी-डेडमध्येही बराच काळ नेमलेला काउंटी मॅनेजर कारभार पाही. २००७ च्या जानेवारीत मतदारांनी ती सत्ता थेट मेयरच्या हाती दिली. तिथल्या भाषेत हा ‘स्ट्राँग मेयर’. आमदार-खासदाराला ‘दिल्लीत अडकलंय’ म्हणता येतं, तशी सबब या पदाला उरली नाही.

म्हणूनच या पदाच्या निवडणुकीत आपले तीन शब्द चपखल बसतात. पहिला ‘मोहीम’. अरबीत महत्त्वाचं, काळजीचं काम. मराठीत लष्करी स्वारी. इंग्रजी ‘कॅम्पेन’ही आधी फौजेचंच, मोकळ्या मैदानात उतरण्याचं. दुसरा ‘उमेदवार’. रोमचा ‘कँडिडेट’ खडूने पांढरा केलेला झगा घालून मतं मागत फिरे, त्यावरून त्याला नाव मिळालं. आपल्याकडे फारसीतून आलेला उमेदवार केवळ आशेवर असतो, आणि कामाची उमेदवारी करणाऱ्या शिकाऊलाही तेच नाव. तिसरा ‘कारकीर्द’. फारसी ‘कार’ म्हणजे काम, ‘कर्द’ म्हणजे केलं. कारकीर्द म्हणजे करून दाखवलेलं काम.

२०२० मध्ये डॅनिएला लेव्हिन कावा मायामी-डेडच्या मेयरपदाला उभ्या राहिल्या तेव्हा त्या २०१४ पासून काउंटी कमिशनर, म्हणजे काउंटीच्या सभागृहाच्या सदस्य, होत्या. प्रतिस्पर्धी एस्तेबान बोवोही कमिशनरच. एकाच सभागृहात दोघांची उमेदवारी झालेली. लेव्हिन कावा जिंकल्या आणि काउंटीची पहिली स्त्री मेयर ठरल्या. २०२१ मध्ये काउंटीतल्या सर्फसाइडला इमारत कोसळून ९८ माणसं गेली, तेव्हा रोज माध्यमांसमोर उभं राहणं त्यांच्या वाट्याला आलं. उष्णतेच्या संकटासाठी त्यांनी वेगळा अधिकारीही नेमला. २०२४ मध्ये त्या पुन्हा निवडून आल्या, तेव्हा तराजूत उमेदीइतकीच कारकीर्दही होती.

माझं मत असं: काउंटी मेयरला मराठीत ‘काउंटी मेयर’च म्हणावं. मोहीम, उमेदवार, कारकीर्द, काझी आणि जिल्हा पचवलेल्या भाषेला आणखी एक पाहुणा जड नाही. शिवाय हा पाहुणा परकाही नाही. ‘मायोर’ आणि संस्कृत ‘महा’ यांचं भाषाशास्त्रीय मूळ एकच आहे. सावरकरांच्या शब्दातला पहिला अर्धा भाग मेयरचा सख्खा नातलग निघतो; अडचण आहे ती फक्त ‘पौर’ची.