स्वस्त ऑसिलोस्कोप: एका खरेदीमागचा इतिहास

थ्रेड 🧵 इलेक्ट्रॉनिक्सचा छंद लागलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी एक प्रश्न पडतो: पहिला डिजिटल ऑसिलोस्कोप कोणता घ्यावा? हा प्रश्न सामान्य विद्यार्थ्याला विचारता येऊ लागला, त्याला फार वर्षे झालेली नाहीत.

विद्युतलहर डोळ्यांना दाखवणारी नळी कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी १८९७ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे घडवली. ब्राउन यांना पुढे १९०९ मध्ये मार्कोनींसह नोबेल मिळाले, ते मात्र बिनतारी संदेशवहनासाठी. १९४७ मध्ये अमेरिकेतील टेक्ट्रॉनिक्सने ५११ हे मॉडेल आणले. लहर ठरावीक बिंदूपासून रेखाटायला लावणाऱ्या ‘ट्रिगर’मुळे पडद्यावरचे चित्र स्थिर राहू लागले. बँडविड्थ १० मेगाहर्ट्झ, किंमत ७९५ डॉलर. त्या काळी ही रक्कम प्रयोगशाळेनेच मोजावी अशी होती.

डिजिटल यंत्र लहर रेखाटत नाही. ते तिचे नमुने घेऊन स्मृतीत साठवते. १९९०च्या दशकाच्या अखेरीस टेक्ट्रॉनिक्सचा टीडीएस २१० सुमारे १००० डॉलरांत मिळू लागला. बँडविड्थ ६० मेगाहर्ट्झ, सेकंदाला १०० कोटी नमुने. स्मृती मात्र अवघी २५०० बिंदूंची! म्हणजे पूर्ण वेगाने जेमतेम अडीच मायक्रोसेकंद टिपता येत. ९६०० बॉडने जाणाऱ्या एका अक्षराला साधारण एक मिलिसेकंद लागतो. तेवढा काळ पडद्यावर बसवायचा, तर नमुन्यांचा वेग शेकडो पटींनी उतरवावा लागे आणि मधली क्षणिक गडबड निसटून जाई.

खरे वळण आले ते बीजिंगच्या रायगॉल कंपनीमुळे. तिच्या डीएस१०५२ई या यंत्राचे झाकण हौशी मंडळींनी उघडले तेव्हा आत ४० मेगानमुन्यांसाठी बनवलेल्या पाच दुहेरी चिप आढळल्या. प्रत्येक अर्धी चिप १०० मेगानमुन्यांच्या वेगाने पळवलेली. दहा जणी आळीपाळीने नमुने घेत आणि १०० कोटींचा आकडा गाठत. याला लबाडी म्हणावे की काटकसरीतली कल्पकता? मला दुसरे म्हणावेसे वाटते. यंत्र चालत होते, आणि चांगले चालत होते.

२०१० मध्ये आणखी एक गोष्ट उघड झाली. ५० आणि १०० मेगाहर्ट्झच्या यंत्रांतील फरक मुख्यतः सॉफ्टवेअरने घातलेल्या अडसराचा होता. लोकांनी तो काढला. विकत घेतलेल्या यंत्राच्या पूर्ण क्षमतेवर हक्क कोणाचा, हा वाद तेव्हापासून विझलेला नाही. पुढे सुमारे ४०० डॉलरांना आलेल्या चार चॅनलच्या डीएस१०५४झेडबाबतही तेच घडले.

आता खरेदीकडे. सगळे आधी बँडविड्थ पाहतात, आणि तिचा अर्थच चुकीचा लावतात. ५० मेगाहर्ट्झच्या यंत्रावर ५० मेगाहर्ट्झची साइन लहर मूळ उंचीच्या सुमारे ७० टक्केच दिसते. चौकोनी लहरीचे तर कोपरेच झिजतात, कारण ते उच्च विषम गुणितांनी घडतात. १६ मेगाहर्ट्झच्या घड्याळ-संकेताचे तिसरे गुणित ४८ वर, पाचवे ८० वर. तिसरे अशक्त होऊन येते, पाचवे आणखी क्षीण. संकेत आहे की नाही हे कळेल. कडा किती तीव्र आहे हे कळणार नाही.

नमुन्यांचा आकडाही फसवा असतो. डीएस१०५४झेडचे १०० कोटी नमुने एकाच चॅनलसाठी. चारही चालू केले की प्रत्येकाच्या वाट्याला २५ कोटी. म्हणून किती चॅनल वापरणार हे ठरवूनच आकडा वाचावा.

माझे मत स्मृतीच्या बाजूने आहे. याच यंत्रात १ कोटी २० लाख बिंदू मावतात, म्हणजे पूर्ण वेगाने १२ मिलिसेकंद. वर सांगितलेली दहा-अकरा अक्षरे सलग टिपली जातात आणि नंतर सावकाश मोठी करून पाहता येतात. मायक्रोकंट्रोलरशी खेळणाऱ्याला १०० मेगाहर्ट्झच्या पाटीपेक्षा हे अधिक उपयोगी पडते. रेडिओचे काम करणाऱ्याने मात्र बँडविड्थच आधी पाहावी.

जुना ॲनालॉग स्वस्तात मिळाला तर? लहर शिकायला उत्तम; पण एकदाच घडून गेलेली घटना साधा ॲनालॉग धरून ठेवत नाही.

आणि एक सावधगिरी, यंत्र कोणतेही असो: विजेच्या जोडणीवर चालणाऱ्या ऑसिलोस्कोपमध्ये प्रोबची काळी क्लिप थेट अर्थिंगला जोडलेली असते. ती घरच्या विजेच्या फेजला लावू नका.