पेटीमागची माणसे : बेळगाव, कोल्हापूर आणि गोव्याचे हार्मोनियमवादक

जुनी गाणी म्हटली की आपल्याला गायकाचे नाव आठवते, फार तर संगीतकाराचे. पेटीवर कोण होते, हे मात्र कुणी विचारत नाही. बँकेत आम्ही खतावणीतल्या प्रत्येक रकमेपुढे तपशील लिहीत असू. तपशिलाशिवायची नोंद तपासणीत धरली जाई. आपल्या संगीताच्या वहीत मात्र साथीदारांचे रकाने कोरे राहिले. आपल्या पट्ट्यातल्या काही पेटीवादकांची माहिती सभासदांसाठी येथे एकत्र दिली आहे.

पेटी आली कोठून

हार्मोनियम मूळची युरोपातली. पॅरिसच्या अलेक्झांड्र दबॅं यांनी १८४२ मध्ये तिचे पेटंट घेतले. ती पायाने भाता मारून वाजवायची. आपल्याकडे गाणारा-वाजवणारा जमिनीवर बसतो, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनी हातभात्याची, मांडी घालून वाजवता येईल अशी पेटी घडवली. संगीत नाटकाच्या खड्ड्यात पायपेटी म्हणजे ऑर्गन राहिला, आणि बैठकीत हातपेटी रुळली.

पेटीतला आवाज पितळी सुरांचा. गुजरातमधील पालिताणा येथील सूर यासाठी प्रसिद्ध आहेत. सुराची पट्टी टोकाकडे घासली की स्वर चढतो, बुडाकडे घासली की उतरतो. पेटी जुळवणारा कारागीर हे काम कानाने करतो. असे कारागीर आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत.

गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५)

टेंबे कोल्हापूरकडचे. पेटी हे आधी फक्त साथीचे वाद्य होते, त्यावर स्वतंत्र मैफल होऊ शकते हे मराठी मुलखाला ज्यांनी पटवले त्यांत त्यांचे नाव पहिले. भास्करबुवा बखल्यांच्या सहवासात त्यांचा कान घडला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘मानापमान’ (१९११) या नाटकाच्या चाली त्यांच्या. १९१३ मध्ये बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्याबरोबर त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या प्रभातच्या पहिल्या मराठी बोलपटात ते स्वतः हरिश्चंद्र झाले आणि संगीतही त्यांनीच दिले. ‘मानापमान’मधली पदे आजही घरोघर गुणगुणली जातात, पण चाल कोणाची असे विचारले तर दहांपैकी दोघांना सांगता येते.

पं. रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०)

बेळगावकरांना यांची ओळख करून द्यावी लागू नये, पण आपल्या मुला-नातवंडांना द्यावी लागते. जन्म जिल्ह्यातल्या कागवाडचा. गाण्याचे शिक्षण रामकृष्णबुवा वझे आणि शिवरामबुवा वझे यांच्याकडे झाले, त्यामुळे त्यांची पेटी गळ्यासारखी चाले असे जाणकार म्हणतात. मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी आणि आपल्याच सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व यांच्यासारख्यांना त्यांनी साथ केली. बेळगावातल्या श्रीराम संगीत विद्यालयात त्यांनी आयुष्यभर शिकवले. रवींद्र काटोटी, सुधांशू कुलकर्णी हे त्यांचे नावाजलेले शिष्य. त्यांच्या शिष्यवर्गात मराठी आणि कन्नड अशा दोन्ही घरांतली नावे आहेत. गावात बाहेर काहीही चालू असो, त्या वर्गात भाषेवरून कधी जागा ठरली नाही.

पी. मधुकर आणि पं. तुळशीदास बोरकर

मधुकर पेडणेकर म्हणजेच पी. मधुकर. नाट्यपदे केवळ पेटीवर वाजवलेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रिका एकेकाळी लोकप्रिय होत्या. शब्द नसताना पद ओळखू येणे ही त्या वादनाची खूण. त्यांचे शिष्य तुळशीदास बोरकर (१९३४–२०१८) गोव्यातल्या बोरी गावचे. पेटीला स्वतंत्र वाद्याचा मान मिळावा म्हणून बोरकरांनी जन्मभर शिकवले आणि वाजवले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. याच पिढीच्या थोडे आधीचे गोविंदराव पटवर्धन (१९२५–१९९६). छोटा गंधर्वांच्या मैफलीची आठवण निघाली की त्यांच्या पेटीची आठवण निघतेच.

एकतीस वर्षांची पोकळी

या मंडळींचे वादन फारसे जपले का गेले नाही, याचे एक मोठे कारण सरकारी आहे. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी आली. पेटीचे स्वर ठरलेले असतात, त्यावर मींड घेता येत नाही, आपल्या श्रुती त्यात बसत नाहीत, असा आक्षेप होता. रवींद्रनाथ टागोरांचाही पेटीला विरोध होता. आक्षेपात तथ्य नव्हते असे नाही, पण चांगला पेटीवाला ही मर्यादा ओळखूनच वाजवतो. जिथे मींड आहे तिथे तो थांबतो आणि गायकाला वाट मोकळी करून देतो. बंदी १९७१ मध्ये अंशतः उठली. साथीला मुभा मिळाली. एकलवादनाला मात्र त्यानंतरही बरीच वर्षे वाट पाहावी लागली.

आता साधा हिशेब करा. बंदी आली तेव्हा रामभाऊ विजापुरे २३ वर्षांचे होते. ती सैल झाली तेव्हा ५४ वर्षांचे. वादकाच्या उमेदीची सगळी वर्षे यात गेली. त्या काळात रेडिओवर गाणाऱ्याच्या मागे सारंगी वाजली. म्हणून आकाशवाणीच्या संग्रहात त्या काळच्या पेटीचा शोध घेणे व्यर्थ आहे. ती पेटी वाजली ती गणेशोत्सवाच्या मांडवात, देवळात, वाड्यांतल्या बैठकीत. ज्यांनी ती टेपवर घेतली त्यांच्याकडेच ती असेल.

कान कुठे द्यावा

जुनी मैफल ऐकताना पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे. गायक आलाप घेत असताना पेटी किंचित मागे राहते का, की पुढे पळते? गायक श्वास घेतो त्या जागी पेटी काय भरते? तानेचा शेवट पेटीवाला जसाच्या तसा परत देतो, की त्यातला निवडक भागच देतो? पहिल्यांदा गायक ऐकावा आणि दुसऱ्यांदा फक्त पेटी. दुसऱ्या वेळी वेगळीच मैफल ऐकल्यासारखे वाटते.

आपल्या घरची नोंद

येथे माझी स्वतःची चूक सांगतो. ऐंशीच्या दशकात आमच्या गल्लीतल्या गणेशोत्सवात झालेल्या गाण्याची कॅसेट मी स्वतः भरली होती. गेल्या वर्षी कपाट आवरताना ती सापडली. वरच्या चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात गायकाचे नाव, राग आणि तारीख आहे. पेटीवाल्याचे नाव नाही. पेटी इतकी सुंदर वाजली आहे की ती ऐकूनच मी हा लेख लिहायला घेतला. त्या रात्री मी त्यांना चहाचा कप नेऊन दिला होता, एवढे आठवते. नाव आठवत नाही. बरोबरच्या दोघा मित्रांना विचारले, त्यांनाही आठवेना. आणखी दहा वर्षांनी विचारायलाही कुणी नसेल.

तेव्हा सभासदांना विनंती अशी. घरात जुन्या कॅसेट वा टेप असतील तर आधी त्या कोरड्या जागी उभ्या ठेवा. आपल्याकडच्या पावसात फितीला बुरशी फार लवकर धरते. स्पीकर, टीव्ही यांच्या लोहचुंबकापासून त्या लांब ठेवा. बुरशी दिसत असेल तर यंत्रात घालू नका, जाणकाराकडून साफ करून घ्या. चांगल्या असतील त्या लवकरात लवकर संगणकावर उतरवून घ्या. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सोबत एक कागद जोडा : गाव, जागा, साल, गायक, तबला, पेटी, तंबोऱ्यावर कोण. नाव आठवत नसेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारा. मिळालेली नावे मंडळाकडे द्या, म्हणजे या लेखातले कोरे रकाने भरत जाता येतील.

माझ्या कॅसेटवरचा रकाना अजून कोराच आहे. ती मंडळाच्या कार्यालयात ठेवली आहे. ऐकून कुणाला तो हात ओळखता आला, तर कळवावे.