आधारवर्ष २०१७

१० जानेवारी २०१९ रोजी केंद्र सरकारने ‘राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम’ जाहीर केला. १०२ शहरांतील धूलिकण २०२४पर्यंत २० ते ३० टक्क्यांनी घटवायचे होते. तुलनेसाठी आधारवर्ष धरले २०१७. शहरी हवेवरच्या परिसंवादांत तज्ज्ञांची आकडेमोड पुढे याच वर्षापासून सुरू होऊ लागली. अमरावती, अकोला, चंद्रपूर ही शेजारची शहरे त्या यादीत होती, यवतमाळ नव्हते.

यवतमाळच्या स्मरणात २०१७ निराळ्या कारणाने आहे. त्या पावसाळ्यात कपाशी माणसाच्या उंचीला पोचली होती. पाठीवर पंप घेऊन फवारणाऱ्यांच्या नाकातोंडात कीटकनाशकाचे तुषार गेले, अंगावर झिरपले. जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. शासनाला विशेष तपास पथक नेमावे लागले.

ही हवा मोजली कोणी? २००९च्या राष्ट्रीय मानकांत बारा प्रदूषके आहेत. त्यांत कीटकनाशक एकही नाही.

योगायोग असा, की कार्यक्रमाच्या घोषणेच्या दुसऱ्याच दिवशी यवतमाळात ९२वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सुरू झाले. उद्घाटक होत्या वैशाली येडे, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी. साहित्याने व्यासपीठावर निदान एका शेतकरी स्त्रीला जागा दिली. हवेच्या चर्चेत शेत अजून आलेले नाही. २०१७ साली कपाशीत लोकांनी काय श्वासात घेतले, हे हवेच्या नोंदींत सापडत नाही. ते रुग्णालयांच्या आणि पोलिसांच्या कागदांत शोधावे लागते.